काटा ओळखला, धनी नाही

कुंपण सारखं करताना अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला होता. आज सकाळी पाहिलं, तर त्याच्याभोवती पू धरलेला, आणि जरा दाबताच काटा आपसूक वर आला. अंगातल्या राखणदारांनी त्याला हाकलून लावलं. त्यांच्याच भरवशावर मी जन्मभर गोळीला हात न लावता मिरवलो. ताप आला तरी, आला तसा जाईल म्हणून घोंगडी ओढायचो.

पण त्याच हाताचे सांधे सुजून ताठलेत. डॉक्टरीणबाई मागेच म्हणाल्या होत्या, "आजोबा, हा बाहेरचा रोग नाही. तुमचे राखणदारच तुमच्या सांध्यांना शत्रू समजून कुरतडतायत. गोळीनं त्यांचा जोर कमी करावा लागेल."

"मग काटा मोडला तर तो कोण काढणार?"

"जपून राहायचं. काही लागलं तर लगेच दाखवायचं."

रोगाचा एवढा राग आला नसता, तो परकाच. यांना तर मी माझ्या रक्तावर पोसलं. एवढासा काटा यांना ओळखता आला, आणि ज्याच्या घरात राहिले तो धनी ओळखता येऊ नये?

गोळी घेणार नाही, असं बायकोला बजावलं होतं. ती म्हणाली, "नका घेऊ. पण मग सदऱ्याची बटणं लावायला मला हाक मारू नका."

आज गोळ्यांचं पाकीट काढलं. गोळी बाहेर ढकलायला अंगठा टेकवला, पण त्यात जोरच नव्हता. शेवटी पाकीट तिच्यापुढं धरलं.

"एवढी काढून दे," म्हटलं.