मध्यंतराआधी मरणारा भाऊ

अण्णा नेहमी मध्यंतराच्या आधी मरायचे. कधी पाटलाच्या माणसांनी गाठून, कधी विहिरीत ढकलले जाऊन, एकदा तर नुसती वाईट बातमी ऐकून. कारण बदलायचे, वेळ बदलायची नाही. चित्रपटात ते कुणाचे तरी थोरले भाऊ असत. डोक्याचा पटका सारखा करून, धाकट्या बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून ते "उद्या येतो गं, दार लावून घे," असे म्हणाले, की थिएटरातल्या बायका पदर चाचपायला लागायच्या. त्यांचा तो उद्या कधी उजाडला नाही.

यामुळे आमच्या घरात एक विचित्र परिस्थिती होती. अण्णा मेले की माझी बायको, शांता, उठून उभी राहायची. "चला. आता काय बघायचं राह्यलंय हितं?" मध्यंतराचे दिवे लागायच्या आत आम्ही भवानी पेठेच्या वाटेला लागलेलो असू. मी सुताच्या पेढीवर कारकून. दुसऱ्या दिवशी पेढीवरची मंडळी विचारायची, "काय, शेवटी लग्न झालं का त्या दोघांचं?" मी विचारवंतासारखा चेहरा करून म्हणायचो, "ते महत्त्वाचं नाही." इतके चित्रपट पाहिलेला आणि एकाचाही शेवट ठाऊक नसलेला माणूस सोलापुरात माझ्याशिवाय दुसरा नसावा.

एकदा मी अण्णांपुढे गाऱ्हाणे मांडले. "अहो, एखाद्या चित्रपटात तरी जगा की!"

"दाजी," ते म्हणाले, "मी मेलो न्हाई तर हीरोला राग कसा येनार? आन् त्याला राग आला न्हाई तर मध्यंतरानंतर लोकांनी बघायचं काय?"

मध्यंतरानंतर लोक काय बघतात हे मला माहीतच नव्हते, तेव्हा मी वाद घातला नाही.

त्यांनी मला 'दाजी' म्हटले, हे वाचकांच्या नजरेतून सुटू नये. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. ज्या नटासाठी अख्खा जिल्हा रडायचा, त्याचा मी दाजी होतो. माझ्या अंगी दुसरा काही गुण नसल्याने हा एक मी फार जपून आणि फार वारंवार वापरला. पेढीचे मालकसुद्धा मला रागावताना "तुम्ही अण्णांचे दाजी म्हणून सोडतो," असे म्हणत.

हे नाते जुळले मोठ्या दुष्काळात. अण्णा मूळचे वैरागकडचे. खडी फोडायच्या कामावर माणसे उपाशी येतात हे कळल्यावर त्यांनी मुंबईचे काम टाकले आणि कामाच्या जागी भाकरी पोचवायची व्यवस्था उभी केली. पेठेतल्या बायका भाकरी करायला जात, त्यांत शांता होती. सरकारी मिलो ज्वारीची भाकरी थापताना तुटायची. शांताची तुटत नसे. अण्णा तिच्या चुलीपाशी बसकण मारून जेवले आणि म्हणाले, "आक्का, भाऊ किती तुला?"

"एकबी न्हाई."

"मग भाऊबीजेला काय करतीस?"

"चंद्राला ओवाळते की."

ते खरे होते. भाऊ नसलेल्या बाईने चंद्राला ओवाळायचे असते. शांता दर वर्षी माळवदावर चढायची आणि निरांजन वाऱ्याने विझू नये म्हणून मी धोतराचा सोगा आडवा धरून उभा राहायचो. एकदा सोगा पेटला होता, ते असो.

अण्णांनी शेवटचा घास ताकाबरोबर गिळला. "चंद्राला लई बहिनी झाल्या गं आक्का. यंदा त्याला सुट्टी दे. मी येतो."

आणि आले. त्यानंतर प्रत्येक भाऊबीजेला आले. दारात टांगा थांबायचा, पेठेतली पोरेबाळे जमायची आणि अण्णा "आक्का, पाट मांड," करत आत शिरायचे. शांता औक्षण करायची, ते ताटात इरकल लुगडे ठेवायचे. मग पुढे आलेल्या शेंगापोळीचा एक तुकडा मोडून ते ताट बाजूला सारायचे.

"अण्णा, हे काय जेवन झालं?" शांता कळवळायची.

"पोट दिसतंय गं पडद्यावर."

मी पेढीवर नटांच्या आहाराविषयी माहितीपूर्ण बोलत असे. आणखीही काही गोष्टी मला दिसत. शांताने टिळा लावायच्या आधीच त्यांचे कपाळ लालभडक असायचे. पाटावर बसायला वाकले की केसांतून तांदळाचे दाणे पडायचे, आणि आमच्या अक्षता अजून ताटातच असायच्या. पहिल्याचे कारण मी 'देवळातून आले असतील' असे लावले, दुसऱ्याचे 'वाटेत लग्न लागले असेल' असे. दिवाळीत लग्न कुठले, हा प्रश्न मला पडला नाही. नटाचा दाजी झाल्यापासून मला प्रश्न पडायचे जवळजवळ थांबलेच होते.

शांताची तक्रार मात्र वेगळी होती. औक्षण झाले की अण्णा म्हणायचे, "आक्का, जरा पडू का?" आणि खिडकीजवळच्या खाटेवर आडवे होत. झोप इतकी गाढ, की घोरणे ऐकून टांग्याचा घोडा कान टवकारायचा. बाहेर पोरे कुजबुजायची, "मेलं व्हय रं?" शांता हळूच म्हणायची, "वर्षातनं एकदा येतेत, आन् झोपतेत. बोलायचं कधी?" मी म्हणायचो, "मोठ्या माणसांचं असंच असतं." मोठी माणसे मी ही एवढीच पाहिली होती.

अण्णांनी काय काय दिले याची मोजदाद कुणाकडे नाही, कारण त्याच्या कार्यक्रमाला ते जात नसत. आमच्या पेठेतल्या मुलींच्या शाळेवर त्यांनी पत्रे घातले, विधवा बायकांना शिवणयंत्रे घेऊन दिली. शाळेने सत्कार ठरवला, तेव्हा निरोप घेऊन मी गेलो. अर्थात दाजी म्हणून. त्यांनी हात जोडले. "स्टेजवर नको दाजी. मला वर उभा बघितला की लोकांना वाटतं, आता ह्यो मरनार. पोरी रडतील हकनाक."

गेल्या वर्षी श्रावणात पेढीवरच्या रेडिओने सांगितले, की अण्णा मुंबईत हृदयविकाराने गेले. मी चपला उलट्यापालट्या घालून घरी धावलो. शांता ज्वारी निवडत होती.

"अगं, अण्णा गेले."

तिने सुपातून मान वर केली नाही. "कुठल्या पिक्चरात?"

मी नुसताच उभा राहिलो आणि माझ्याकडे बघून तिला कळले. ती उठली, डोक्यावरून पाणी घेतले आणि सख्ख्या भावाचे पाळतात तसे सुतक पाळले. शेजारणी म्हणाल्या, मानलेल्या भावाचे नसते. शांता म्हणाली, "मानलेला तुमच्यासाठी."

शोकसभा त्याच मुलींच्या शाळेत, त्याच पत्र्यांखाली भरली. मी भाषण पाठ केले होते. पहिले वाक्य असे: 'सोलापुरात अण्णांचे हक्काचे घर एकच.' शांता अण्णांनी दिलेले शेवटचे लुगडे नेसली होती, गर्द हिरवे, तांबड्या काठाचे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अण्णांच्या नातेवाइकांनी कृपया पुढे येऊन बसावे."

मी सावकाश उठलो. असे उठणे आयुष्यात फार वेळा वाट्याला येत नाही. खुर्च्यांपाशी पोचलो तर पलीकडून एक गृहस्थ बायकोला घेऊन तितक्याच सावकाश येत होते. ओळखीचे वाटले, यंत्रमागवाले, घरात तेलुगू बोलणारे.

"आपण कोण?" त्यांनी विचारले.

"दाजी," मी म्हणालो.

"कुनाचे?"

"अण्णांचे."

"असं कसं? दाजी तर मी हाय!"

एवढ्यात मागून एक दाढीवाले वृद्ध काठी टेकत आले. "क्या बात करते मियाँ! दाजी तो वो मेरेकू बोलते थे."

त्यांच्या मागे अक्कलकोटचे एक जोडपे होते, त्यांच्या मागे आणखी कोणी. खुर्च्या संपल्या. आम्ही सगळे दाजी एकमेकांकडे बघत उभे राहिलो आणि बायका बसल्या. माझी नजर खाली गेली. त्या सगळ्या रांगेचा काठ एकच होता. लुगडे कुणाचे हिरवे, कुणाचे जांभळे, कुणाचे मोरपंखी. पण काठ तोच तांबडा. दाढीवाल्यांच्या बायकोच्या, अमीनाबींच्या, बुरख्याखालूनसुद्धा तोच डोकावत होता. कपाळाचे कुंकू, केसांतले दाणे, मोडलेला शेंगापोळीचा तुकडा, सगळे एकदम माझ्या डोक्यात शिरले आणि तिथे जागा नसल्याने गोंधळ उडाला. भाषणाची वेळ आली तेव्हा मी म्हणालो, "अण्णा फार चांगले होते," आणि खाली बसायला गेलो, तर माझ्या खुर्चीत अक्कलकोटचे दाजी होते.

घरी येताच शांता आत गेली. लुगडे तिने पेटीच्या तळाशी घातले आणि वर जुनी पांघरुणे रचली.

"इतक्या बायकांत मी कोन?"

"तू आक्का."

"सगळ्याच आक्का हायत." ती पेटीवर बसली. "मला भाऊ व्हता का न्हवता, एवढंच सांगा."

आता मी शिकलेला माणूस. काहीतरी सांगायला हवे होते. अण्णा पडद्यावर भाऊ व्हायचे, ते नाटक. आमच्या पाटावर भाऊ व्हायचे, ते खरे. पण एकाच दिवसात इतक्या पाटांवर बसत, प्रत्येक दारात तेच वाक्य म्हणत, म्हणजे ते पाठ केलेले? मग दुष्काळातली भाकरी? ती तर माणसांनी खरीच खाल्ली होती. मी एका बाजूने विचार करत निघालो की दुसऱ्या बाजूने परत दारात यायचो. शेवटी मी म्हणालो, "चहा करू का?" त्यानंतर पुष्कळ दिवस तिने अण्णांचे नाव घेतले नाही आणि ती रडलीही नाही. मला तिचे न रडणे सोसेना.

दिवाळी आली. भाऊबीजेच्या सकाळी तिने रांगोळी काढली नाही. "यंदा कायबी न्हाई. चंद्रबी न्हाई, कायबी न्हाई." ऊन उतरताना दारात यंत्रमागवाल्यांच्या लक्ष्मीबाई उभ्या, मागे डबा घेतलेले त्यांचे दाजी.

"आक्का, तुमच्या माळवदावरनं चंद्र दिसतो का हो? आमच्याकडं मागाची शेड आडवी येती."

दारात आलेल्या बाईला नाही कसे म्हणणार? शांताने तिला आत घेतले. थोड्या वेळाने अमीनाबी शीरखुर्म्याचे भांडे घेऊन आल्या, मागे काठी टेकत त्यांचे दाढीवाले दाजी. "भाई को दिवाली में बी खाने कू येच होना था. बनाई, फिर समझा नै किस कू देना."

तिघी स्वयंपाकघरात बसल्या. मग लक्ष्मीबाई म्हणाल्या, "अण्णा आमच्याकडं उभ्या उभ्याच. बसा म्हटलं तर टांगेवाला बोंबलतोय म्हनायचे."

"मेरे पास बैठते थे," अमीनाबी म्हणाल्या, "पन क्या बातें, क्या बातें! चुप बैठेच नै. मैं हँस हँस के थक जाती थी."

शांता खाली बघत म्हणाली, "आमच्याकडं झोपायचे."

लक्ष्मीबाई पुढे सरकल्या. "झोपायचे? खरंच?"

"व्हय की. त्या खाटेवर."

"घोरायचे?"

"लई!"

लक्ष्मीबाईंनी आत जाऊन खाट बघितली, हात लावून बघितली. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा हेवा वाटल्यासारखा झाला होता. "आक्का," त्या म्हणाल्या, "आमच्या घरी कदी डोळा मिटला न्हाई हो त्येंनी."

तेव्हा शांता रडली. श्रावणापासूनचे सगळे रडली. अमीनाबींनी तिची पाठ धरली, लक्ष्मीबाईही रडू लागल्या आणि बाहेर आम्ही तिघे दाजी डब्यातल्या चकल्या मुकाट्याने खात बसलो, कारण आत जावे की नाही ते आम्हाला कळेना.

बीजेचा चंद्र नखाएवढा, घटकाभर दिसून बुडणारा. माळवदावर पहिले कोणी ओवाळायचे यावर दोघींची आपसात "तुम्ही, तुम्ही" सुरू झाली. शांता म्हणाली, "त्याला पुढं जायचं आसतंय. सगळ्या एकदमच ओवाळा." अमीनाबी भांडे हातात धरून शेजारी उभ्या राहिल्या. मी आणि यंत्रमागवाले दाजी धोतराचे सोगे धरून वारा अडवत होतो. सुट्टीवर गेलेला चंद्र कामावर परत आला होता, आणि मला तो थोडा थकलेला वाटला.

हिवाळ्यात अण्णांचा शेवटचा चित्रपट लागला. आम्ही सगळे मिळून गेलो; एक अख्खी रांग आमचीच. बायका तांबड्या काठाच्या. अण्णांनी पटका सारखा केला, बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला, "उद्या येतो गं," म्हणाले आणि ठरल्या वेळी गेले. दिवे लागले. सवयीने मी उठलो, चपला शोधल्या, पिशवी खांद्याला लावली.

शांता बसूनच होती.

"चल," मी म्हणालो, "आता काय राह्यलंय हितं?"

तिने माझा सदरा धरून मला खाली ओढले. "बसा की. त्या पोरीचं पुढं काय होतंय ते बघू."

मग आम्ही बसलो. मध्यंतरानंतरचा चित्रपट बघायची सवय नसल्याने मला त्यातले फारसे काही कळले नाही. ती बहीण कुठे कुठे जात होती, कुणाकुणाला भेटत होती, मध्येच हसतही होती. शेवटी लग्न झाले की नाही, असे पेढीवर विचारले तर अजूनही मला नीट सांगता येत नाही. पण शेवटचे दिवे लागेपर्यंत आमच्या रांगेतले कोणीही उठले नव्हते.