आप्पांना खालच्या स्मशानात नेलं

आप्पा आज गेले. आणि आम्ही त्यांना चुकीच्या स्मशानात नेलं, असं त्यांच्या निम्म्या भावकीचं म्हणणं आहे.

सकाळी कांद्याला पाणी द्यायला गेले, बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. मला अजून खरं वाटत नाही. काल संध्याकाळी तर फोनवर भांडलो होतो.

मी रांजणगावला कंपनीत. आप्पा घोडनदीकाठचे बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन. ओळख शिरूरच्या वाचनालयातली. वाचायचं आणि भांडायचं, एवढाच आमचा उद्योग.

गेल्या महिन्यात मी त्यांना एका काळ्या अमेरिकन बाईंचं वर्णभेदावरचं पुस्तक दिलं.

पहिला फोन आला. "रडलो रे. माणसानं माणसाला असं वागवावं?"

दुसरा फोन तापलेला. "ही बाई मलाच आरोपी करती. म्हनं नुसतं चांगलं असून भागत न्हाई. मी कवा कुणाला वाईट बोललोय?"

मी म्हटलं, "आप्पा, तुमच्या गावात स्मशानं दोन का?"

फोन कट.

दोन आहेत. वरच्याला पत्र्याचं शेड, सिमेंटचा ओटा, लाईट. खालचं नदीकडेला, बौद्धवस्तीचं. तिथं पावसाळ्यात सरण विझू नये म्हणून लोक वर ताडपत्री धरून उभे राहतात.

काल भांडता भांडता म्हणाले, "ती बाई निम्मी खरी हाय, निम्मी आगाऊ. पन पोराला सांगून ठेवलंय. मला खाली न्यायचं."

मी हसलो. म्हटलं, घाई काय आहे.

आज भावकी म्हणाली, "बोलायचं म्हणून बोलले आसतील."

आप्पांच्या घरच्या काकू दारातून एवढंच म्हणाल्या, "त्यांनी सांगितलंय. खाली न्या."

तिरडी खाली निघाली. खोटं कशाला बोलू, रडता रडता माझी छाती फुगली होती. पुस्तक जिंकलं, असं वाटत होतं.

खाली वस्तीतले सखाराममामा उभे होते. आप्पांचे शाळेतले सोबती.

"आप्पा भला माणूस," मामा म्हणाले. "पन आमाला कुणी इचारलं का?"

कुणीच विचारलं नव्हतं. आप्पांनी नाही, काकूंनी नाही, मी तर नाहीच.

मोठं मन दाखवायला निघालेलो आम्ही, दुसऱ्याच्या जागेत न विचारता घुसलो होतो.

आप्पांचा मुलगा संतोष हातात विस्तवाचं मडकं घेऊन पुढं झाला. "मामा, चुकलं आमचं. आता इचारतो. आणू का?"

मामांनी पुढं येऊन तिरडीला हात लावला.

"आना. माझा दोस्त हाय त्यो."

मग भावकीकडं वळले. आवाज चढवला नाही.

"उद्या मी मेलो, तर मला वर शेडात घ्याल का?"



मी एकेकाचं तोंड बघत होतो. कुणी मोबाईल काढला, कुणी नदीकडं बघायला लागलं. शेवटी वस्तीतल्या माणसांनीच सरण रचायला घेतलं.

घरी आलो, आंघोळ केली, तरी सुन्न आहे. लोक असं गप्प बसू शकतात, तेही आप्पांच्या तिरडीसमोर?

आप्पा, बाईंशी तुमचं काय ते भांडण असेल, पण मामांना उत्तर द्यायला तुम्ही आज हवे होतात.

जड मनानं निरोप, आप्पा.