कानांवरचे केस

येरमाळ्याच्या एस.टी. थांब्याजवळ त्याचं सलून होतं. केसांना कलप लावावा तर त्यानंच. राखाडी पूड शिशीतल्या औषधात कालवायचा, डोक्याला चोपडायचा आणि गिऱ्हाइकाला उघड्या दारात बसवायचा. "सबर करा, गुरुजी. काळं म्या करत न्हाय, हवा करती." शाळेत मी ऑक्सिडीकरण शिकवायचो, पण फळ्यावर ते कधी इतकं देखणं दिसलं नाही, जितकं त्याच्या आरशात माझ्याच डोक्यावर दिसलं.

एकदा खुर्चीत परगावचा, पण सलूनवाल्याच्या घरच्या ओळखीचा, पन्नाशीचा पाहुणा होता. बायको जाऊन फार दिवस झाले नव्हते आणि स्वारी दुपारी मुलगी बघायला निघाली होती.

"पोरगी केवढी हाय?" सलूनवाल्यानं विचारलं.

"आसंल की तुझ्या थोरलीएवढी."

त्याची थोरली माझ्या वर्गात होती, दोन वेण्या घालून यायची. त्याचा हात थांबला नाही. सगळं डोकं त्यानं काळंभोर केलं; फक्त कानांवरचे केस पांढरेच ठेवले.

"हे ऱ्हायलं की!" पाहुणा आरशाकडं वाकला.

"तिथं लावत न्हाईत, मालक. कातडीला डाग पडतो, मग जाता जात न्हाय."

पाहुण्याला पटेना. बाकावर बसलेल्या माझ्याकडं वळून त्यानं विचारलं, "खरं का हो, गुरुजी?"

सलूनवाल्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही; तो ब्रश धूत राहिला. गेल्याच रविवारी त्यानं माझे कानांवरचे केस काळे केले होते, एकही डाग न पाडता.

"अगदी खरं," मी म्हणालो आणि टोपी कानांवर ओढून घेतली.