भिंतीवरची तांबडी रेघ

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, लेकीला नाही, आणि देवळात हात जोडून उभी राहिले तेव्हा देवालाही नाही. आज तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका. गेल्या महिन्यात आमच्या शाहूपुरीतल्या व्यापाऱ्यांनी मला शाल घातली, तेव्हापासून डोकं ठणकतंय.

छोट्या धंद्यानं अचानक आलेल्या संकटाला तोंड कसं द्यावं, यावर मी बोलायचं होतं. मी! माझं चटणीच्या कांडपाचं दुकान दोन महापुरांतून उभं राहिलं, म्हणून. मी सांगितलं — माळा बांधा, कागदपत्रं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, विमा उतरवा, मोटर चटकन सुटेल अशी बसवा. लोक वहीत लिहून घेत होते. एकानं उठून माझ्या दूरदृष्टीचं कौतुक केलं. माईकवरच ओरडावंसं वाटलं, की गप बसा, तुम्हाला काही माहीत नाही. ओरडले का? नाही. नारळ घेतला आणि फोटोला हसले.

माझ्या दुकानाला लागून आमचाच दुसरा गाळा आहे. एकोणीसच्या पुरात दोन्हीकडं पाणी माझ्या खांद्यापर्यंत चढलं होतं. पाणी उतरल्यावर गल्लीत सगळ्यांनी केलं तेच आम्हीही केलं — पाणी जिथवर आलं तिथं भिंतीवर तांबड्या ऑईल पेंटची रेघ मारली आणि शेजारी साल लिहिलं. पुढच्या वेळी सामान कुठवर उचलायचं ते कळावं, एवढ्यासाठीच ती रेघ असते. माझा माळा मी त्या रेघेच्या वर हातभर बांधून घेतला. इथपर्यंत मी शहाणीच होते, नाही का?

पण शेजारचा गाळा रिकामा राहिला. लोक बघायला यायचे, भिंतीकडं बघायचे, आणि विचार करून सांगतो म्हणून जायचे. मग लॉकडाऊन लागलं आणि कुणी फिरकेना. तेव्हा एक दिवस मी स्वतः ब्रश घेतला आणि पांढऱ्या डिस्टेंपरचे तीन हात दिले. रेघ गेली. माझ्या गाळ्यातली मात्र मी ठेवली, पण तिच्यासमोर पोत्यांची थप्पी लावली.

शालन आली ती त्यानंतर. मलकापूरची पोर, लॉकडाऊनमध्ये दुसऱ्याच्या दुकानातलं शिवणकाम सुटलेलं. दोन मशीन आणि एक पिको-फॉलचं, एवढा तिचा संसार. मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायला लागली. पोर सावध होती हो — तेच तर! गाळा घेण्याआधी तिनं तोंडावर विचारलं, पाणी कुठवर येतं. मी सांगितलं, दुसऱ्या पायरीपर्यंत, अगदी फार झालं तर आत घोटाभर. गल्लीतल्या कुणी काही बोललं किंवा कुणाच्या भिंतीवरची रेघ दिसली, की ती परत मला विचारायला यायची. मी म्हणायचे, लोक वाढवून सांगतात, ते खालच्या अंगाचं, आपण चढावर आहोत. तुमचा माळा मग कशाला, असं तिनं एकदा विचारलं. उंदरांसाठी, म्हणाले मी. मिरचीला उंदीर लागतात.

तिनं मशीनखाली दोन दोन विटा घातल्या. कपड्यांसाठी गुडघ्याच्या वर फळी ठोकली. ऐकताय ना? तयारी तिनंही केली होती. माझ्या खोट्यावर मापून केली होती.

पण हे सगळं अजून कबूल करण्याजोगं नाही. गाळा भाड्यानं जावा म्हणून खोटं बोलणारे शंभर आहेत. आता जे सांगायचं आहे, त्याच्याभोवतीच मी इतका वेळ घिरट्या घालतेय.

एकोणीसनंतर दोनच वर्षांनी परत पाणी आलं. भर दुपार होती, पाऊस धो धो, आणि पाणी गल्लीच्या तोंडाशी. मी चार हमाल लावून माझी पोती माळ्यावर चढवत होते. माळा निम्मा रिकामा होता — हे लक्षात ठेवा. शालन भिजलेल्या पदरानं तोंड पुसत दारात आली. गौरींसाठी शिवायला आलेल्या बायकांच्या साड्या, ब्लाउजपीस, कुणाच्या वारलेल्या आईचा शालू, सगळी गाठोडी तिनं कापायच्या टेबलावर ठेवली होती.

“अक्का, टेबलावर ऱ्हाऊ दे न्हवं? तेवढं बास हाय की?”

मला माहीत होतं, टेबल कमरेएवढं आहे. वर हात दाखवून एवढंच म्हणायचं होतं, आण गं, इथं टाक. हमाल उभे होते. दहा मिनिटांचं काम. पण मग ती विचारणार, का? तुम्हीच तर घोटाभर म्हणाला होता. आणि मी काय सांगणार? खोटं उघडं पडेल, या एका भीतीनं मी तिच्या डोळ्याला डोळा देऊन बोलले.

“बास हाय की.”

एवढंच. ती निवांत झाली, मशीनवर प्लास्टिक टाकून कुलूप लावून गेली.

पाच दिवसांनी पाणी उतरलं. किल्ली माझ्याकडंही होती, मी आधी जाऊन दार उघडलं. टेबल उलटं पडलेलं, गाठोडी चिखलात. आणि समोरच्या भिंतीवर — डिस्टेंपर सुटून पापुद्रे लोंबत होते आणि तांबडी रेघ सालाच्या आकड्यासकट वर आली होती. ऑईल पेंट, तो कुठं जातोय? मी काय केलं असेल? खाली वाकले, दोन्ही हातांनी चिखल उचलला आणि त्या रेघेवर थापला. शालन आली तेव्हा माझे हात कोपरापर्यंत भरलेले होते. तिला वाटलं, मी तिचा गाळा साफ करायला आलेय. रडत माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, “तुमी तरी काय करणार अक्का, पानी काय सांगून येतंय व्हय?”

पाणी सांगत नाही. मी होते ना सांगायला!

तो शालू तिनं सात वेळा धुतला. चिखलाचा डाग गेला नाही. ती शालूवाली बाई दारात उभी राहून तिला नाही नाही ते बोलली, आणि मी माझ्या दुकानातून ऐकत होते. शालन दारोदार जाऊन माफी मागून आली. तिची चूक नसताना. गणपतीच्या आत गाळा सोडून परत दुसऱ्याच्या हाताखाली शिवायला लागली. मला तिचाही राग यायचा, की एवढा विश्वास ठेवतं का कुणी? बघा, किती नीच माणूस आहे मी.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. राजारामपुरीत बारकं दुकान बघितलंय, तुम्ही या, तुम्हाला पुरातलं कळतंय. गेले. नाही कशी म्हणणार? ती दारातच थांबली होती, केस पिकायला लागलेत. मी भिंती बघितल्या, रस्ता बघितला. तिनं परत तेच विचारलं, इथं पाणी येत नाही ना.

नाही येत, मी म्हणाले. या वेळी ते खरं होतं. पण ते म्हणताना माझा आवाज तसाच होता, अगदी त्या दुपारसारखा. मला स्वतःला दोन्हींत फरक ऐकू आला नाही.

“तुमी म्हणताय म्हंजे झालं,” शालन म्हणाली, आणि काखेतलं साड्यांचं गाठोडं तिनं जमिनीवर ठेवलं.