टोपीतलं वेळापत्रक

उत्तर इंग्लंडच्या टेकड्यांतल्या बार्लिक गावात क्लिफर्ड होलगेटचे कान प्रसिद्ध होते. ढगांवरून विमान गेलं की हातातलं काम न थांबवता तो इंजिन सांगायचा. "हे आपलं. रुंद पात्यांचं, कसं करवतीसारखं गुरगुरतंय बघ." नाहीतर नाक मुरडून, "अमेरिकन. नुसत्या शिट्ट्या मारतंय." समोर उभं राहून पाती मोजून इंजिन ओळखणं त्याला पोरखेळ वाटे.

गावातल्या विमान-इंजिनांच्या कारखान्यात तो पंख्याची पाती घासायचा. इंजिनाच्या तोंडाशी जो मोठा पंखा दिसतो, त्याचं पातं टायटॅनियमचं आणि आतून पोकळ. तीन पत्रे एकावर एक रचायचे, जिथे चिकटायला नको तिथे आधी लेप रेखायचा, भट्टीत दाबून एकजीव करायचे, पीळ द्यायचा, आणि मग साच्यात तापवून आत वायू सोडायचा. पुरीसारखं पातं फुगतं आणि मधला पत्रा ताणला जाऊन आतल्या आत नागमोडी आधार तयार होतो. एवढं सगळं यंत्रांनी केल्यावर शेवटचा हात क्लिफर्डचा. पातं फिरत्या खरखरीत पट्ट्यावर धरायचं, बोटं फिरवायची, बोट अडखळेल तिथे पुन्हा धरायचं. मापांच्या तपासणीत त्याचं पातं परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पण नाव झालं ते कानांचं. माणसं अशीच असतात, ज्यात जन्म गेला ते राहतं बाजूला.

आणि ते कान तीन वर्षांपूर्वीच गेले होते. त्याच्या वडिलांचेही साठीतच गेले होते. क्लिफर्डने ही गोष्ट बायकोपलीकडे जाऊ दिली नाही. त्याची आई कापड गिरणीत मागावर होती. तिथल्या खडखडाटात बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलणं वाचत, गावभरच्या कुचाळक्या आवाजाशिवाय चालत. लहानपणी आईकडून तो ते शिकला होता, त्यामुळे गप्पा निभावल्या. विमानांसाठी बायको, मॉरीन, दर सोमवारी विमानतळाचं वेळापत्रक बारीक अक्षरात उतरवून द्यायची. कुठल्या विमानाला कोणतं इंजिन, ते त्याला पाठच होतं. कागद टोपीच्या अस्तरात. घड्याळ बघायचं, टोपी काढून डोकं खाजवायचं, नाव ठोकून द्यायचं.

"सांगून टाक ना एकदा," मॉरीन म्हणायची. "कान गेलेत, अब्रू नाही गेली."

"माझी अब्रू कानांतच आहे गं," तो म्हणायचा.

निवृत्तीचा दिवस उजाडला. कारखान्यात रीत अशी की शेवटच्या दिवशी सगळ्यांनी हातात येईल ते घेऊन आपापलं बाकडं बडवायचं. असा दणका उडवूनच माणसाला घरी पाठवायचं. पण त्याआधी मुकादम डंकनला हुक्की आली.

"क्लिफ, आज शेवटची परीक्षा. डोळे झाकून!" असं म्हणत त्याने क्लिफर्डचीच टोपी ओढून नाकापर्यंत खाली घेतली. कागद कानाला चाटून खाली गेला.

टोपीच्या अंधारात ना ओठ, ना घड्याळ. वर पाच विमानं असतील किंवा एकही नसेल. एखादं नाव ठोकून देता आलं असतं, तीन वर्षं तेच तर केलं होतं. पण या माणसांसमोर जाता जाता आणखी एक थाप मारायची त्याला मनापासून लाज वाटली.

"नाही रे," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. फसवलं मी तुम्हाला."

कुणी हसलं की सगळे निघून गेले, त्याला कळायला मार्ग नव्हता. मग टोपी वर झाली. समोर शेजारच्या बाकड्यावरची बेरिल, हातात तो कागद. तिचे ओठ त्याच्या आईसारखे सावकाश, ठसठशीत हलत होते.

"अरे येड्या, पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. धुक्यात विमानं अडकली तरी तू दहा वाजून वीस मिनिटं झाली की नाव सांगायचास. आम्ही रिकाम्या आभाळाकडे बघून 'बरोब्बर' म्हणायचो."

"तीन वर्षं?"

"मग! विमानतळावर संप होता, त्या दिवशी तर तू चार ओळखलीस!"

"आणि आत्ता कोणतं गेलं?"

"कुठलं काय! तू काहीही म्हणाला असतास तरी टाळ्याच पडायच्या होत्या."

क्लिफर्डला हसूही आलं आणि रडूही. डंकनने त्याच्या बाकड्यावर एक बाद झालेलं पातं उभं केलं आणि त्याचे दोन्ही हात धरून पात्याभोवती ठेवले. मग हातोड्या, पाने, कुणाचं चहाच्या किटलीचं झाकण, जे असेल ते बाकड्यांवर पडू लागलं. पातं थरारलं. ती थरथर बोटांतून छातीत आणि छातीतून दातांपर्यंत पोचली. त्याने पात्याला घट्ट मिठी मारली.

बेरिलने खांदा हलवला. "ओळख बघू," तिचे ओठ म्हणाले, "कोणतं?"

"हे आपलं," क्लिफर्ड म्हणाला.