हिरवी खूण

चाकणला आमच्या कंपनीत गाडीचं इंजिन धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटची ताकद आधी कॉम्प्युटरवर तपासायची, मग ते बनवायचं. तपासणं माझं काम. मी कंत्राटावर होते आणि हाती आलेलं नवं ब्रॅकेट नीट पार पडलं तर कायम करू, असं आमच्या सरांनी सांगितलं होतं. ताथवड्याला आईने तेवढ्यावर शेजारी पेढेही वाटले.

लाखो समीकरणं एका दमात सुटत नाहीत. कॉम्प्युटर एक अंदाज धरतो, तो समीकरणांत घालून किती चुकलं ते बघतो, थोडा सुधारतो, पुन्हा बघतो. चूक आपण ठरवलेल्या मर्यादेखाली गेली की थांबतो आणि पडद्यावर हिरवी खूण येते. सरांचा त्या खुणेवर भारी जीव. चहा संपेपर्यंत ती आली नाही तर ते मर्यादा सैल करायचे, मग आणखी सैल, आणि खूण आली की खूश.

या ब्रॅकेटमध्ये पोलादाला लागून मऊ रबर होतं. इतकं कडक आणि इतकं मऊ एकत्र आलं की ही पद्धत फसवते. गच्चीला उतार कमी असला की पाणी थांबल्यासारखं दिसतं, पण नळीपर्यंत पोचलेलं नसतं, तसं. समीकरणांतली चूक नखाएवढी उरते आणि उत्तर मात्र खऱ्यापासून लांबच असतं. हे मी सरांना सांगितलं. मर्यादा कडक ठेवून, दुपारभर मशीन चालू देऊन आलेलं चित्रही दाखवलं. सरांनी मर्यादा सैल करून काढलेल्या उत्तरापेक्षा त्यात रबराजवळच्या कोपऱ्यात ताण जवळजवळ दुप्पट होता. सर म्हणाले, गिऱ्हाईकाची मीटिंग उद्या आहे, आणि हिरवं ते हिरवं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. रिपोर्ट त्यांच्या आकड्यांचा गेला, खाली नाव माझं.

चाचणीत ब्रॅकेट त्याच कोपऱ्यात तडकलं. खरं सांगते, मला आनंद झाला. तो त्यानंतरच्या मीटिंगपर्यंतच टिकला. तिथे सर शांतपणे म्हणाले की मॉडेलमध्ये काहीतरी राहून गेलं असावं, नव्या मंडळींकडून होतं असं. खापर माझ्या डोक्यावर फुटत होतं, म्हणून मी माझं चित्र पडद्यावर लावलं आणि ते सरांना आधीच दाखवलं होतं असं सांगितलं.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "अगं, तुझं बरोबर होतं. पण चारचौघांत साहेबाला खोटं पाडणाऱ्या माणसाला कायम कोण करणार?"

नाहीच केलं, कंत्राट संपताच काढलं. कोपरा जाड करून ब्रॅकेट पास झालं, आणि कंपनीने या सगळ्यातून एक नियम तेवढा काढला: यापुढे मर्यादेला हात फक्त सरांनी लावायचा. माझा राग अजून गेलेला नाही, जावा असंही वाटत नाही.

आईने विचारलं, तुझं गणित चुकलं होतं का? मी नाही म्हटलं. मग काढलं कशाला, असं तिने विचारलं, तेव्हा मी ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागले.