पिवळ्या खडूची पावलं

वनमाला परबचा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट घातली तर ती जुडी उलटी करून बघते. शेजारच्या रत्नप्रभाने आपणहून गोड बोलायला सुरुवात केली, की हिच्या मनात पाल चुकचुकलीच. अशा बाईने गेली सहा वर्षं करावं काय, तर पंधरा-वीस परक्या माणसांसमोर गप्प बसून त्यांना स्वतःकडे टक लावून बघू द्यावं!

पण तेच तिचं काम होतं. मरोळला एका गाळ्याच्या माळ्यावर विद्याधर सरांचा चित्रकलेचा वर्ग आहे. सोमवारी आणि बुधवारी सकाळी वनमाला जोगेश्वरीहून तिथे जाते आणि नऊवारी नेसून मॉडेल म्हणून बसते, नाहीतर उभी राहते. वीस मिनिटं पोझ, पाच मिनिटं विश्रांती, पुन्हा तीच पोझ. नेमकं त्याच जागी परत उभं राहता यावं म्हणून लाकडी चौथऱ्यावर तिच्या पावलांभोवती खडूने रेघ मारतात. एक चित्र महिनाभर चालतं, आणि ते पुरं होईपर्यंत रेघ पुसायची नाही, असा तिथला शिरस्ता.

नवरा जयवंत साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होता. वर्कशॉप वसईला गेलं आणि जयवंत घरी बसला, त्याला तीन वर्षं झाली. बायको कामावरून आली की टीव्हीवरची नजर न काढता तो विचारी, "काय गो, बसून दमलीस?" हा एक विनोद त्याला तीन वर्षं पुरला.

यंदा मात्र ती खरोखरच दमत होती. दिवाळीपासून उजवा गुडघा कुरकुरत होता. उभ्या पोझमध्ये दहाव्या मिनिटाला कळ यायची, आणि ती ओठ न हलवता देवाचं नाव घ्यायची. हे तिने कोणालाही कळू दिलं नव्हतं. मॉडेलचा गुडघा गेला की मॉडेल गेली, असा तिचा हिशेब. आणि ती जागा गेली तर मागे उरत काय होतं? माहेरी, सासरी, रेशनच्या रांगेत, ती कायम कोणाच्या तरी मागे उभी राहिली होती. इथे शिकलेली माणसं तिच्या कानाची पाळी नीट यावी म्हणून तासभर झटत. हे तिला आवडायचं. फार आवडायचं.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी सरांनी सगळ्यांना कागद वाटले. नवीन वर्षात काय करणार ते लिहायचं आणि भिंतीवरच्या फळ्याला टाचायचं. दर वर्षी मुलं लिहायची आणि वनमाला चहा प्यायची. यंदा सरांनी तिच्याही हातात कागद दिला.

"मी काय लिहू? मी काय चित्रं काढते?"

"ताई, मॉडेलशिवाय चित्र होतं का? लिहा ना. यंदा सगळ्या मॉडेलांनी लिहायचं."

सगळ्या मॉडेलांनी! म्हणजे आणखी कोण? तिने कागद दोन्ही बाजूंनी बघितला. हे आपल्याकडून काहीतरी काढून घ्यायचं चाललंय, असं तिला वाटलं. तिने बेरकीपणाने लिहिलं: 'एक, उभी पोझ पाऊण तास, न हलता. दोन, वर्षभरात एकही खाडा नाही.' घ्या. आता काढा बघू मला.

कागद टाचून ती चौथऱ्यावर चढली आणि तिथेच थबकली. तिच्या पांढऱ्या रेघांच्या बाजूला पिवळ्या खडूने आणखी दोन पावलं काढलेली होती. तिच्यापेक्षा दोन बोटं लांब.

"श्रुतिका, ही कोणाची गं?" तिने पुढच्या रांगेतल्या मुलीला विचारलं.

"ती दुपारच्या बॅचची, काकी. त्यांचा चौथरा मोडलाय," म्हणून ती मुलगी घाईघाईने पेन्सिलीला टोक करायला लागली. सरांनीही खिडकीकडे तोंड फिरवलं.

पोझ सुरू झाली. वनमालाचे डोळे खिडकीवर आणि डोकं पिवळ्या पावलांत. लांब पाय म्हणजे बाई उंच. उंच म्हणजे तरुण. तरुण म्हणजे गुडघे धड! वीस मिनिटांत तिने त्या बाईला केस, रंग आणि उर्मट स्वभावसुद्धा देऊन टाकला. विश्रांतीत ती फळ्यापाशी गेली. तिच्या कागदाखाली, सरांच्या अक्षरात, बिननावाचा एक कागद होता: 'जानेवारी संपायच्या आत घरी सांगायचं.' हात्तिच्या! म्हणजे ही बया घरच्यांना फसवून येते. वर सर तिला लिहूनही देतात.

आता गंमत बघा, एकदा नजर संशयाने बघायला लागली की तिला घर-दार सारखंच. त्या आठवड्यात जयवंतचंही काहीतरी बिनसलेलं तिला दिसलं. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तो भजनाला जायचा, ऑक्टोबरपासून. पण भजनाला जाणारा माणूस दाढी इतकी घोटून करतो? घरी येऊन गुपचूप खांद्यांना बाम चोळतो? टाळ कुटून खांदे दुखतात? आणि टाचेला हे पिवळं काय?

"हळद लागली असेल देवळात," जयवंत म्हणाला.

"टाचेला?"

"माका काय म्हायत? सांडलेली असेल!"

तिने रत्नप्रभाला गाठलं, कारण रत्नप्रभाचा नवरा भजनात पेटी वाजवतो. "जयवंतभावजी?" रत्नप्रभाने डोळे मोठे केले. "ते कुठे येतात? आमचे हेच विचारत होते, भावजींना आमचं भजन आवडत नाही काय म्हणून."

त्या रात्री वनमालाने नवऱ्याचे खिसे तपासले, पिशवी तपासली, चपला उलट्या करून बघितल्या. पाणी कुठेतरी मुरत होतं, पण ओल सापडेना.

ती सापडली बुधवारी. पोझ देताना गुडघ्याला इतकी कळ आली, की तोल सावरायला तिचा पाय सरकून पिवळ्या रेघेवर पडला. घरी येऊन मोरीत पाय धुताना तिने टाच बघितली आणि तांब्या तसाच हातात राहिला. तोच रंग. हळद कसली, खडू होता! जयवंत स्टुडिओत जात होता. कशाला जात होता, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या उंच बाईसाठी! हिची जागाही तिने घेतली आणि नवराही.

गुरुवारी जयवंत दाढी घोटून बाहेर पडला. वनमालाने वीस मिनिटं घड्याळाकडे बघत काढली, मग रिक्षा केली. वाटेत तिने बोलायची वाक्यं तीनदा म्हणून बघितली. माळ्याचा जिना गुडघा धरून चढली आणि दार ढकललं.

चौथऱ्यावर जयवंत उभा होता. वर्कशॉपचा जुना खाकी शर्ट, हातात मोठा पाना, मान किंचित वर. समोर पंधरा मुलं त्याला बघून रेघा ओढत होती. दुसरी बाई कुठेच नव्हती. त्याची नजर दारावर गेली, बायकोला बघून डोळे विस्फारले आणि पाऊल रेघेबाहेर गेलं.

"डावा पाय," वनमाला म्हणाली. "हलला."

शब्द तोंडातून गेल्यावर तिचं तिलाच कळलं. जयवंतने पाय मुकाट्याने जागेवर घेतला. अजून बारा मिनिटं होती. बारा मिनिटं त्याला बोलता येईना, आणि पोझ मोडायची नाही म्हणून तिलाही येईना. ती दारात धुमसत उभी राहिली. फळ्यावरचा तो कागद तिला तिथून दिसत होता. घरी सांगायचं. घर म्हणजे आपणच की!

टायमर वाजला. जयवंत खाली उतरला आणि शाळकरी पोरासारखा समोर उभा राहिला.

"तुझं इथे काय ते बघायला आलेलो," तो म्हणाला. "सहा वर्षं नुसतं बसायचे पैसे मिळतात, यावर माझा विश्वास नव्हता. त्या दिवशी यांचा म्हातारा मॉडेल आला नाही. सर म्हणाले, उभे राहता का? दहा मिनिटांत घाम फुटला गो मला."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"हसली असतीस."

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं, पण हसली असती हे खरंच होतं. सर चहाचा कप घेऊन आले, अपराधी चेहऱ्याने. "ताई, यांनी शब्द घेतला होता माझ्याकडून. अक्षर ओळखाल म्हणून कागदही मीच लिहिला. तुमच्या बॅचला कोणी हात लावत नाही."

"सर, माझा गुडघा गेलाय," वनमाला एकदम म्हणाली. "मी उभी राहणार नाही. पण माझे वार मी सोडणार नाही."

"मग बसा की! तुम्हीच पाऊण तास उभं राहायचं लिहिलंत, म्हणून मी गप्प होतो."

सर गेले. जयवंत पान्याशी चाळा करत राहिला. "बरं वाटतं गो इथे," तो हळूच म्हणाला. "कारखाना सुटल्यापासून माझ्याकडे कोणी मान वर करून बघितलं नव्हतं."

"मी नव्हते घरात?"

"होतीस. पण बघत होतीस खंय?"

त्यात तक्रार नव्हती. आज भाजी काय आहे सांगावं तसं तो बोलला. आठवडाभर तिने त्याच्या टाचा बघितल्या होत्या, खिसे बघितले होते, चपलांचे तळ बघितले होते. तोंडाकडे एकदाही बघितलं नव्हतं.

पाच मिनिटं संपली. जयवंत पाना घेऊन वर चढला. वनमालाने मागचं एक रिकामं स्टूल ओढलं, मुलांच्या रांगेत बसली आणि त्याच्याकडे बघायला लागली. नवरा बराच वाळला होता. डाव्या गालावर, कानापाशी, एक जुना व्रण होता. तो कधी आणि कशाने झाला, हे तिला माहीत नव्हतं.